वाचकांचे प्रश्न : अर्ल स्क्रग्ज, तीन बोटं आणि पाच तारा

ब्लूग्रास म्हणजे बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार आणि डबल बास या तारवाद्यांवर, शक्यतो विजेच्या जोडणीशिवाय वाजणारं अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातलं संगीत. त्यातले बँजोवादक अर्ल स्क्रग्ज (1924–2012) यांच्याबद्दल बरीच पत्रं आली. काही प्रश्न त्यांच्या आयुष्याविषयी आहेत, काही हातात बँजो घेऊन अडलेल्यांचे आहेत. दोन्ही एकत्रच घेतो आहोत, कारण स्क्रग्ज यांच्या बाबतीत कारकीर्द आणि उजवा हात वेगळे काढता येत नाहीत.

प्रश्न : तीन बोटांनी बँजो वाजवण्याची पद्धत स्क्रग्ज यांनी शोधून काढली, असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे खरं आहे का?

अर्धंच खरं आहे. स्क्रग्ज यांचा जन्म 6 जानेवारी 1924 चा, नॉर्थ कॅरोलायना राज्यात शेल्बी गावाजवळच्या फ्लिंट हिल वस्तीतला. त्या पट्ट्यात अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट वापरून वाजवणारे लोक त्यांच्या आधीपासून होते. स्मिथ हॅमेट आणि स्नफी जेंकिन्स ही त्यातली दोन ठळक नावं. वडील बँजो वाजवत, पण अर्ल चार वर्षांचे असतानाच ते गेले. दहाव्या वर्षी भावाशी भांडण झाल्यावर एकटेच खोलीत बसून ‘रूबेन’ ही पारंपरिक धून वाजवत असताना आपण तीन बोटं वापरतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं. हा प्रसंग त्यांनीच पुढे अनेकदा सांगितला.

मग त्यांनी नवं काय केलं? आधीच्या वादकांचं वाजवणं ऐकलं तर तुटक, थोडं उड्या मारत जाणारं वाटतं. स्क्रग्ज यांनी स्वरांची साखळी अखंड ठेवली आणि गाण्याची चाल त्या साखळीच्या आतच ओवली. चालीचे स्वर ठळक, मधल्या जागा भरणारे स्वर हलके, आणि लय कुठेही न ढळणारी. आमच्या मते त्यांचं श्रेय इथे आहे, वेगात नाही. वेगवान वादक त्यांच्या आधीही होते, नंतर तर ढिगाने झाले.

लयीची तयारी कशी झाली, तेही ऐकण्यासारखं आहे. अर्ल आणि त्यांचा भाऊ हॉरेस एकच धून एकत्र सुरू करायचे आणि वाजवत वाजवत घराभोवती विरुद्ध दिशांनी चालत जायचे. घराच्या पलीकडच्या बाजूला एकमेकांचं वाजवणं नीट ऐकू येत नसे. पुन्हा समोरासमोर आल्यावर दोघं एकाच ठिकाणी आहेत की कुणी पुढे-मागे गेलं, हे लगेच कळायचं. शिकणाऱ्या दोघांनी हा प्रयोग आजही करून पाहावा. मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगाने ठोके देणारं यंत्र, लावून सराव केलेले लोकही पहिल्या फेरीत चुकतात, कारण मेट्रोनोम प्रत्येक ठोक्याला सावरून घेतो आणि इथे सावरणारं कुणी नसतं.

प्रश्न : सहा महिने ‘रोल’, म्हणजे ठरलेल्या क्रमाने तारा छेडण्याचे साचे, घोटतो आहे. बोटं पळतात, पण ऐकणाऱ्याला गाणं ओळखू येत नाही, नुसती खणखण ऐकू येते. चूक कुठे होते आहे?

बहुतेक वेळा चूक अंगठ्यात असते. आधी पाया तपासून घेऊ.

नेहमीची जुळणी अशी : पाचवी आखूड तार वरचा जी, चौथी डी, तिसरी जी, दुसरी बी, पहिली डी. नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी जी मेजर कॉर्ड वाजते. अंगठा पाचवी, चौथी, तिसरी आणि प्रसंगी दुसरी तार सांभाळतो, तर्जनी मुख्यतः दुसरी आणि तिसरी, मधलं बोट पहिली. अंगठ्याला प्लास्टिकची नखी, बाकी दोन बोटांना धातूच्या. अनामिका आणि करंगळी तारा उचलून धरणाऱ्या घोडीजवळ, ताणलेल्या पुडीवर टेकलेली. दोन्ही टेकत नसतील तर एक तरी टेकलीच पाहिजे, नाहीतर हात तरंगतो आणि प्रत्येक आघात वेगळ्या जागी पडतो.

आठ स्वरांचा एक रोल. तारांचे आकडे आणि बोटं (अं = अंगठा, त = तर्जनी, म = मधलं बोट) अशी :

पुढे जाणारा रोल : 3-2-1-5-2-1-5-1, बोटं अं-त-म-अं-त-म-अं-म.
उलटा : 1-2-5-1-2-5-1-2, बोटं म-त-अं-म-त-अं-म-त.
जाऊन परत येणारा : 3-2-1-5-1-2-3-1, बोटं अं-त-म-अं-म-त-अं-म.
आलटून-पालटून अंगठ्याचा : 3-2-5-1-4-2-5-1, बोटं अं-त-अं-म-अं-त-अं-म.

आता पहिल्या रोलमध्ये अंगठा कुठे येतो ते मोजा : पहिला, चौथा आणि सातवा स्वर. म्हणजे आठाची फोड 3-3-2 अशी होते. गिटार आणि बास मात्र सरळ सम विभागणीने चालत असतात. त्या सरळ चालीवर अंगठ्याचा हा तिरका भार पडतो आणि त्यातून ब्लूग्रासचा तो पुढे खेचणारा झोक तयार होतो. तुम्ही आठही स्वर सारख्याच जोराने वाजवत असाल, तर हा भार नाहीसा होतो आणि उरते ती खणखण.

त्यावर उपाय असा. मेट्रोनोम 60 वर लावा, एका ठोक्याला दोन स्वर. पहिले काही दिवस डाव्या हाताला सुट्टी. फक्त मोकळ्या तारा, आणि अंगठ्याचा स्वर बाकीच्यांपेक्षा स्पष्ट मोठा. हे जमलं की एखादी सोपी चाल घ्या आणि आधी रोल न लावता फक्त चालीचे स्वर एका बोटाने वाजवा. ते हातात बसले की त्यांच्या मधल्या रिकाम्या जागा रोलने भरा. चालीचा स्वर अंगठ्यावर किंवा तर्जनीवर येईल असा रोल निवडायचा, रोलच्या सोयीसाठी चाल वाकवायची नाही. लोक नेमकं उलट करतात : आधी रोल सुरू करतात आणि मग त्यात चाल कोंबतात.

वेग पाच-पाच ठोक्यांनी वाढवा. एखाद्या वेगाला मनगट किंवा दंड आवळल्यासारखा वाटला की दहा ठोके खाली या. आवळलेल्या हाताने केलेला सराव आवळण्याचाच सराव ठरतो.

आणखी दोन नेहमीच्या चुका. एक, जलद स्वरांत लागोपाठ तेच बोट वापरणं. बोटाला परत यायला वेळ लागतो आणि तो स्वर उशिरा पडतो. दोन, धातूच्या नख्या सरळ ठेवणं. त्यांची पाती बोटाच्या गोलाईनुसार किंचित आत वळवावी लागतात, म्हणजे तारेला सपाट बाजू लागते. कड लागली की प्रत्येक स्वरासोबत खरखर येते आणि लोक दोष बँजोला देतात.

प्रश्न : ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ची सुरुवात लिहिल्याप्रमाणे वाजवते, तरी स्क्रग्ज यांच्यासारखी वाजत नाही.

ही धून त्यांनी 11 डिसेंबर 1949 ला मर्क्युरी कंपनीसाठी मुद्रित केली. सुरुवातीचा रोल वर दिलेल्या चारांपैकी नाही. तारा 2-1-2-1-5-2-1-5, बोटं त-म-अं-म-अं-त-म-अं. तिसरा स्वर पाहा : दुसऱ्या तारेवर आता तर्जनी नाही, अंगठा. बहुतेकांची गाडी इथेच अडते. ते दोन्ही वेळा तर्जनी वापरतात. हळू वाजवताना फरक जाणवत नाही, पण मूळ वेगात सेकंदाला दहाच्या आसपास स्वर पडतात आणि तिथे तर्जनी पुरी पडत नाही.

डाव्या हाताचं काम पहिल्या आणि तिसऱ्या स्वरावर. दुसरी तार दुसऱ्या पडद्यावर दाबून छेडायची आणि लगेच दुसऱ्या बोटाने तिसऱ्या पडद्यावर हातोडीसारखा ठोका द्यायचा. तिसऱ्या पडद्यावरचा तो स्वर आहे डी, आणि पाठोपाठ वाजणारी मोकळी पहिली तारही डीच. एकच स्वर दोन तारांवर, दोन वेगळ्या पोतांत, पाठीला पाठ लावून येतो. सुरुवातीची ती किणकिण याच जोडीतून येते. म्हणून आधी या दोन तारा एकमेकींशी तंतोतंत जुळल्या आहेत का ते बघा. दुसरी तार किंचित जरी वर-खाली असली, तर हातोडी कितीही अचूक पडली तरी सगळं कडवट ऐकू येईल. ठोका देणारं बोट पडद्याच्या अगदी मागे पडायला हवं. दोन पडद्यांच्या मधोमध पडलं तर डी नीट उमटत नाही, नुसता ठक्क आवाज होतो.

पुढे ई मायनर कॉर्ड येते. मूळ मुद्रणात बँजो मायनर वाजवतो तेव्हा स्क्रग्ज यांचे जोडीदार, गायक-गिटारवादक लेस्टर फ्लॅट यांची गिटार ई मेजर वाजवते. त्या घर्षणाचीही कानाला सवय झालेली असते. त्यामुळे साथीदाराने शुद्ध ई मायनर धरली की काहींना काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. साथीदाराचं काहीही चुकलेलं नसतं.

प्रश्न : जुना रेझोनेटरवाला बँजो मिळाला आहे. आवाज बसका येतो आणि वरच्या पडद्यांवर बेसूर होतो. दुरुस्तीला द्यावा का?

आधी दोन गोष्टी घरी करून पाहा. बेसूर होण्याचं कारण बहुधा घोडी सरकलेली असणं हे आहे. बँजोची घोडी चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबाने उभी असते. नटपासून, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर मोजा. तेवढंच अंतर बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत हवं. गिब्सन मास्टरटोनसारख्या बँजोत हे प्रत्येकी साधारण सव्वातेरा इंचांच्या किंचित आत भरतं. मग कानाने खात्री करा : पहिल्या तारेला बाराव्या पडद्यावर नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तिथेच दाबून निघणारा स्वर एक असला पाहिजे. दाबलेला चढा वाटला तर घोडी शेपटीकडे सरकवा, उतरलेला वाटला तर दांडीकडे. सरकवताना तारा थोड्या सैल करा आणि घोडी खालून धरा. वरून ढकलली तर ती आडवी होते, कधी मोडतेही.

बसका आवाज पुडी सैल झाल्याने येतो. रेझोनेटर, म्हणजे आवाज पुढे फेकणारी मागची लाकडी वाटी, काढा; मास्टरटोन धर्तीच्या बँजोत त्याला हाताने फिरवायचे चार स्क्रू असतात. आत गोल कड्याभोवती 24 हूक दिसतील. त्यांचे नट एक-अष्टमांश फेऱ्यापेक्षा जास्त एकदम फिरवू नका. एक नट, मग त्याच्या बरोबर समोरचा, मग काटकोनातला, असं फिरत जा. एकाच बाजूने ओढत गेलात तर कडं तिरकं बसतं. जुनी कातडी पुडी असेल तर आणखी सावध राहा. कातडं दमट हवेत सैल होतं आणि कोरड्या हवेत ताणतं. दमट दिवशी कसून ठेवलेली पुडी हवा कोरडी पडल्यावर फाटू शकते. 1950 च्या दशकाच्या अखेरीस प्लास्टिकच्या पुड्या आल्या आणि हा त्रास संपला. स्क्रग्ज यांची 1940 च्या दशकातली सगळी मुद्रणं कातडी पुडीवरची आहेत, त्यामुळे त्यांचा त्या काळातला आवाज आजच्या कडक प्लास्टिक पुडीवर हुबेहूब मिळणार नाही.

दांडी आणि गोल कडं जोडणाऱ्या आतल्या लोखंडी सळ्यांना मात्र हात लावू नका. त्या कसून तारांची उंची बदलता येते, पण लाकडी कड्याचा गोल आकार बिघडतो. ते काम जाणकाराचं.

स्क्रग्ज यांचा स्वतःचा बँजो 1930 च्या दशकातला गिब्सन ग्रॅनाडा, सपाट टोन रिंगचा, म्हणजे पुडीखालच्या धातूच्या कड्याचा. तो आधी स्नफी जेंकिन्स यांच्याकडे होता, मग बँजोवादक डॉन रीनो यांच्याकडे आला आणि रीनो व स्क्रग्ज यांनी आपसांत बँजोंची अदलाबदल केली.

प्रश्न : वाजवता वाजवता तार सैल-घट्ट करून स्वर घसरवण्याची करामत कशी साधतात?

1951 च्या ‘अर्ल्स ब्रेकडाउन’मध्ये त्यांनी हे साध्या खुंटीने, केवळ कानाच्या भरवशावर केलं. चालू धुनेत खुंटी पिळून परत अचूक जागी आणणं फार अवघड होतं, म्हणून त्यांनी बँजोच्या माथ्यावर जादा भोकं पाडून विक्षेपक खुंट्या बसवल्या. खुंटी फिरवली की तिचं तिरकं चाक तारेला बाजूला रेटतं आणि स्वर ठरलेल्या मापाने बदलतो. दुसरी तार बीवरून एवर, तिसरी जीवरून एफ शार्पवर. दोन्ही उतरल्या की पाचवी सोडून मोकळ्या तारांची डी मेजर कॉर्ड होते. 1952 च्या ‘फ्लिंट हिल स्पेशल’मध्ये हे ऐकायला मिळतं. 1960 च्या दशकात बिल कीथ आणि डॅन बंप यांनी थांबे आतच असलेली खुंटी तयार केली, त्यामुळे जादा भोकांची गरज उरली नाही. आज हवी असेल तर तीच घ्या, जुन्या बँजोला भोकं पाडू नका.

तार परत आणल्यावर किंचित उतरलेली वाटली तर बहुधा खुंटी निर्दोष असते. तार नटच्या खाचेत अडकलेली असते. खाचेत पेन्सिलचं शिसं घासा.

प्रश्न : कॅपो लावला की बँजो बेसूर का होतो?

कॅपो, म्हणजे दांडीवर तारा दाबून धरणारा चिमटा, चारच तारा धरतो. पाचवी तार पाचव्या पडद्यापासून सुरू होते, तिला वेगळं वर न्यावं लागतं. दुसऱ्या पडद्यावर कॅपो असेल तर पाचवी तार सातव्या पडद्यावर, चौथ्यावर असेल तर नवव्यावर. त्यासाठी दांडीत छोटे हुकासारखे खिळे बसवून घेतात. खिळ्याखाली तार अडकवताना ती थोडी चढते, म्हणून अडकवल्यानंतर पुन्हा जुळवायची.

प्रश्न : बिल मन्रो यांच्याबरोबर इतकं यश मिळत असताना स्क्रग्ज बाहेर का पडले? आणि पुढे लेस्टर फ्लॅट यांच्याशीही का फाटलं?

युद्धकाळात स्क्रग्ज शेल्बीच्या सूतगिरणीत कामाला होते. डिसेंबर 1945 मध्ये ते नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमात मँडोलिनवादक-गायक मन्रो यांच्या ब्लू ग्रास बॉइज या वाद्यवृंदात दाखल झाले. आधीचे बँजोवादक स्ट्रिंगबीन जुन्या ढंगाने वाजवत, त्यामुळे गिटारवर असलेले फ्लॅट मुळात बँजोच नको म्हणत होते. स्क्रग्ज यांना ऐकल्यावर त्यांचं मत बदललं. मन्रो, फ्लॅट, स्क्रग्ज, फिडलवर चबी वाइज आणि बासवर हॉवर्ड वॉट्स, या पाच जणांनी 1946 आणि 1947 मध्ये कोलंबिया या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी केलेल्या मुद्रणांवर पुढची सगळी ब्लूग्रास इमारत उभी आहे.

पण दिवस कसे जात? आठवडाभर एका मोटारीत दाटीने बसून गावोगाव कार्यक्रम, झोप गाडीतच, आणि शनिवारी रात्री काहीही करून नॅशव्हिलला ऑप्रीसाठी हजर. 1948 च्या सुरुवातीला स्क्रग्ज या धावपळीला कंटाळून निघाले, पाठोपाठ फ्लॅटही. दोघांनी फॉगी माउंटन बॉइज उभी केली. मन्रो यांना ते फार लागलं आणि अबोला कित्येक वर्षं टिकला.

पुढची वीस वर्षं टिकण्यामागे दोन आधार होते. 1953 पासून मार्था व्हाइट या पिठाच्या कंपनीचं प्रायोजकत्व, त्यामुळे रोजचा रेडिओ आणि नंतर दूरचित्रवाणी. आणि दुसरा आधार लुईज स्क्रग्ज. अर्ल यांच्याशी 1948 मध्ये लग्न झाल्यावर काही वर्षांत त्यांनी कार्यक्रमांची आखणी आणि करार हाती घेतले. त्या काळी या व्यवसायात स्त्री व्यवस्थापक जवळपास नव्हत्या. शहरांतल्या लोकसंगीताच्या नव्या श्रोत्यांपर्यंत बँजो पोहोचवायचा हे त्यांनी नेमकं ओळखलं. स्क्रग्ज 1959 मध्ये न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात वाजवून आले, डिसेंबर 1962 मध्ये जोडी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये होती, आणि ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ मालिकेचं त्यांनी वाजवलेलं शीर्षकगीत 1963 च्या सुरुवातीला कंट्री यादीत पहिलं आलं. 1967 च्या ‘बॉनी अँड क्लाइड’ चित्रपटाने 18 वर्षं जुनं ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ पुन्हा गाजवलं. या कारकिर्दीबद्दल लिहिताना लुईज यांना एका ओळीत उरकतात. तो अन्याय आहे असं आम्हाला वाटतं.

फ्लॅट यांच्याशी फाटलं ते संगीतावरून. स्क्रग्ज यांना मुलांबरोबर नवं काही वाजवायचं होतं, तर ध्वनिमुद्रण कंपनीच्या आग्रहाने म्हणावी लागणारी नव्या कवी-गायकांची गाणी फ्लॅट यांच्या गळी उतरत नव्हती. 1969 मध्ये जोडी तुटली. फ्लॅट यांनी पारंपरिक बाज धरला. स्क्रग्ज यांनी गॅरी आणि रँडी या मुलांसह अर्ल स्क्रग्ज रिव्ह्यू काढलं, त्यात ड्रम आणि इलेक्ट्रिक वाद्यं आली. जुने रसिक नाराज झाले. आमच्या मते ते संगीत पूर्वीच्या तोडीचं नाही, पण बँजो रॉकच्या गोंगाटात नेऊनही स्क्रग्ज यांचे रोल तसेच स्वच्छ राहिले, हे कान देऊन ऐकलं तर पटतं.

प्रश्न : त्यांना मोठे अपघात झाले होते ना? वाजवण्यावर परिणाम झाला का?

ऑक्टोबर 1955 मध्ये आजारी आईला भेटायला निघाले असताना मोटार अपघातात त्यांच्या दोन्ही खुब्यांना जबर इजा झाली आणि त्याचं दुखणं वर्षानुवर्षं पुरलं. 1975 मध्ये स्वतःचं लहान विमान दाट धुक्यात उतरवताना दुसरा अपघात झाला. दोन्ही वेळा ते परत वाजवायला लागले. बंद पडल्यासारखा काळ आला तो नंतर, 1980 च्या दशकात, आणि 1992 मध्ये मुलगा स्टीव्ह गेल्यावर. 2001 मध्ये, 77 व्या वर्षी, इतर कलाकारांना घेऊन त्यांनी नवा अल्बम काढला. त्यातल्या ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’च्या नव्या मुद्रणाला 2002 चं ग्रॅमी मिळालं. 28 मार्च 2012 ला नॅशव्हिलमध्ये त्यांचं निधन झालं.

प्रश्न : ऐकायला कुठून सुरुवात करू? मी वाजवत नाही.

1946–47 ची मन्रो यांच्याबरोबरची मुद्रणं, मग 1949–50 ची मर्क्युरीची, मग कार्नेगी हॉलचा कार्यक्रम. पहिल्यांदा ऐकताना बँजोच्या एकल तुकड्यांकडे कान जातील, ते जाऊ द्या. दुसऱ्यांदा मात्र फ्लॅट गात असताना बँजो काय करतो तेवढंच ऐका. ओळ चालू असताना तो दबून, वरच्या पडद्यांवर, मँडोलिनच्या तुटक ठोक्यांत मिसळून वाजतो. ओळ संपून गायक श्वास घेतो त्या पोकळीत दोन-चार स्वर टाकतो आणि पुढचा शब्द यायच्या आत बाजूला होतो. गॉस्पेल गाण्यांत, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांत, बँजो अजिबात ऐकू आला नाही तर गोंधळू नका. तिथे स्क्रग्ज बँजो खाली ठेवून बोटांनी गिटार वाजवत, आणि मधे येणारे गिटारचे ते तुकडे त्यांचेच आहेत.